दुखवट्याचा टीव्ही

नवरा गेला त्या दिवशी आमच्या पलूसच्या घरात कुणीतरी टीव्हीवर चादर टाकली. दुखवटा निघेपर्यंत टीव्ही लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत, गॅसवरचं दूध उतू जाईल का याचा विचार करायचे. 'धक्का बसलाय तिला, एकदा रडली पाहिजे,' असं सगळे माझ्यादेखत बोलत, जसं काही मला ऐकूच येत नव्हतं.

चादरीखाली मात्र एक गोष्ट अर्धवट राहिली होती. नवरा शिरवळच्या कारखान्यात होता. शनिवारी यायचा, रविवारी संध्याकाळी परत जायचा. रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं एक मालिका बघायचो, रिमोट त्याच्याच हातात. अंतराळयानाची, हिंदीत डब केलेली. यानातली सगळी माणसं वर्षानुवर्षं झोपवून ठेवलेली आणि एकटी इंजिनियर बाई जागी. एकट्यानं पुढचं बघायचं नाही, असं आमचं ठरलेलं. त्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

पुढे काय होणार ते तो आधीच सांगायचा. दाणे खात, टीव्हीकडे न बघता. आणि दर वेळी तसंच व्हायचं. पोरांना भूगोल शिकवणारी मी, मला एकदाही जमलं नाही. 'तुमचं डोकं कारखान्यात वाया चाललंय,' असं मी म्हणायचे, आणि मला ते खरंच वाटायचं.

शेवटच्या रविवारी ती बाई एका बंद दारापाशी आली होती. आतून कुणीतरी ठोकत होतं. तेवढ्यात त्याची एसटीची वेळ झाली.

"आत तीच असणार बघ," बॅग उचलत तो म्हणाला. "म्हातारी झालेली. दार उघडू नको, असं सांगणार तिला."

"बघू पुढच्या रविवारी," मी म्हटलं. शुक्रवारी तो शिरवळच्या खोलीवरच गेला. छातीत दुखलं म्हणे.

ते दार आता उघडायचंच नाही, एवढं एकच मी मनाशी धरून होते. बाकी सगळं लोक म्हणतील तसं.

तेराव्यानंतर माणहून माझा थोरला भाऊ दुखवटा घेऊन आला. मला साडी, दिराला टॉवेल-टोपी. जेवणं झाली आणि त्यानं स्वतःच्या हातानं चादर काढली.

"आता दुखवटा निघाला. घरात आवाज पायजे," म्हणत त्यानं रिमोट घेतला. राहू दे म्हणायला माझं तोंड उघडेना. बातम्या लावायला गेला आणि भलतंच बटण दाबून बसला. पडद्यावर यान आलं.

दुखवट्याचा टीव्ही, तो मध्येच बंद कसा करायचा? सगळ्यांना वाटलं, भावानं मुद्दाम लावलंय. भावाला वाटलं, आमच्या घरात हेच बघतात. खांद्यावर टॉवेल टाकलेले पाहुणे, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, सगळे मांडी घालून अंतराळाकडे बघत बसले.

"एकटीच निघालीय व्हय ही?" सासूबाईंनी विचारलं.

"हां," मी म्हटलं.

मग माझ्या लक्षात आलं. दार मागे राहिलं होतं. ती बाई आत बसली होती आणि समोर पांढऱ्या केसांची तीच होती. भाग किती झाला ते दाखवणारी खालची लाल रेघ जवळजवळ टोकाला पोचलेली. आम्ही सोडलं तिथून ते सुरू झालंच नव्हतं. या टीव्हीला मी हात लावला नव्हता. तेच खातं फक्त त्याच्या मोबाईलवर होतं, शिरवळच्या खोलीत; तिथं जिथवर बघितलं, तिथूनच इथं सुरू व्हायचं.

"दार उघडायचं नव्हतं," म्हातारी म्हणाली.

म्हणजे तो दर आठवड्याला पुढचं बघून यायचा. गळ्याची शपथ घेऊन. वर माझ्याकडून हुशारीचं कौतुक करून घ्यायचा.

"खोटारडा मेला," मी मोठ्यानं म्हणाले. त्याला कधी अहोशिवाय हाक न मारलेली मी, भरल्या घरात. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सासूबाईंनी मला जवळ ओढलं. "रडू द्या तिला," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "कवाची थांबली व्हती."

मला त्याचा राग आला होता. रविवार होता, आणि भांडायला तो घरात नव्हता.