दाजींचा संशय आणि कचेरीतला रेडिओ

आमच्या दाजींइतका संशयी माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. निजामाच्या अमदानीत पूर्ण्याला रेडिओ दुरुस्त करणारे ते एकटेच. ताईनं वाढलेलं वरणसुद्धा ते आधी उजेडाला धरून बघत. गाडी फलाटाला लागली की ती आपलीच का, हे तिघांना विचारत. आणि तिघांनी एकच उत्तर दिलं की त्यांना तिघांचं संगनमत वाटे.

एका उन्हाळ्यात पोलीस कचेरीतल्या रेडिओचा आवाज बसला. दाजींनी तो उघडला आणि सवयीनं पुटपुटले, "कुणीतरी हात लावलाय." त्या खोलीत जाणारा शिपाई एकच. अमीनसाहेबांनी, म्हणजे तिथल्या फौजदारांनी, त्याला तडक कोठडीत घातलं.

दाजी घरी आले ते जेवेनात. ताईनं एवढंच विचारलं, "तुमी सोता बघितलं का त्याला हात लावताना?"

ते उठले आणि परत कचेरीत गेले. मीही मागोमाग गेलो. एकेक भाग मीटरनं तपासता तपासता एक रेझिस्टर सापडला. चिनीमातीच्या कांडीवर कार्बनचा पातळ थर; त्यातून किती वीज जाऊ द्यायची हे तो थर ठरवी. त्याचा अडथळा पार वाढून बसला होता. रेडिओच्या पाठीला, नेमका तिथंच, अमीनसाहेबांचा कंदील रोज टेकलेला असे.

दाजींनी पेटीतली नवी कांडी मोजली, कंदिलावर तापवली, गार होऊ दिली, पुन्हा मोजली. काटा जुन्या जागी आला नाही. अमीनसाहेबांना ही हातचलाखी वाटली. त्यांनी दुसरी कांडी स्वतः तापवली, तासभर वाट पाहिली. तेच.

"म्हणजे कसूर आमच्या कंदिलाचा?"

"कंदिलाचा आन् माझ्या जिभेचा," दाजी म्हणाले. "मी न बघता बोललो, साहेब. त्याला सोडा."

शिपाई सुटला. दाजींनी हात जोडले, पण तो तडक निघून गेला. पुढं कित्येक वर्षं दाजी रस्त्यात त्याला आधी रामराम घालत आणि तो मान फिरवी. दाजींनी रामराम काही सोडला नाही.

दाजी गेले तेव्हा मात्र तो आला. थकला होता, तरी खांदा दिला. नदीवरून परतताना त्यानं मला हळूच विचारलं, "अखेरपतूर समद्यांचा संशयच घेत होते का?"

"सगळ्यांचा," मी म्हणालो. "तुमचा सोडून."



"मंग एकदा तरी मी रामराम घ्यायला पायजे होता," तो म्हणाला.