झाकण लावलेला कॅमेरा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आज पुन्हा तो रेंजफाइंडर कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगावर झाकण होतं, तरी रस्ता स्वच्छ दिसला. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी भिंगापासून वेगळी असते.

धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या लग्नात मी असंच झाकण न काढता अख्खा रोल संपवला आणि तो स्टुडिओवाल्याने धुताना बिघडवला, असं तिला सांगितलं. "जाऊ दे रे दादा," ती म्हणाली.

असाच कॅमेरा घेऊन तिच्याकडे जायचं आणि फोटो काढताना खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. आधी निवृत्तीनंतर म्हटलं, मग उन्हाळा सरल्यावर. गेल्या महिन्यात ती गेली.

"काका, घ्यायचा कधी? मुहूर्त बघताय का?" दुकानदार हसला.

मी कॅमेरा खाली ठेवला. सुमे, झाकण मीच काढलं नव्हतं गं.