आयती कबुली

त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला आजही आधी हसू येतं. अख्ख्या नोकरीत न विचारता, न दरडावता, समोर चहा येण्याआधी मिळालेली ती एकमेव कबुली. आणि ती मोडून काढायला आम्हाला दुपारभर घाम गाळावा लागला.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मुरबाड तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मी मूळचा घाटावरचा, त्यामुळे इथल्या रीतीभाती मला अर्ध्याच कळायच्या. उरलेल्या अर्ध्या माझा हवालदार सांगायचा. तो शहापूरकडचा, आणि लग्नसराईत त्याच्या खिशात पत्रिकांचा गठ्ठा कायम असायचा.

दिवस वालाच्या शेंगांचे होते. दुपारी एकच्या सुमारास फोन आला की वैशाखऱ्याच्या रस्त्याला एका फाट्यावर पिकअप गाडी प्रवासी निवाऱ्यात घुसली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीचं नाक निवाऱ्याच्या भिंतीत, काच रस्त्यावर, आणि गाडीत कुणीच नाही. निवाऱ्यात शेंगांची पाटी घेऊन बसलेल्या एका मावशीचा पाय मोडला होता. तिला जीपमध्ये घातलं तर ती पायाबद्दल बोलेचना. "माज्या शेंगा आधी गोला करा रे, मंग मला न्या," एवढंच तिचं चाललं होतं. गाडी कोण चालवत होतं, ते तिनं पाहिलं नव्हतं. तिची पाठ रस्त्याकडे होती.

गाडीत दोन गोष्टी सापडल्या. मागे हौद्यात बर्फाची लादी वितळत होती आणि पुढे सीटखाली बिअरची अर्धी बाटली लोळत होती. दोन्हींचा पंचनामा केला. गाडीच्या नंबरावरून मालक कळला. तो धसईचा भाजीचा व्यापारी. त्याच्या पुतण्याचं त्या दिवशी लग्न होतं, तेही फाट्यापासून तीन-चार किलोमीटरवर, नवरीच्या गावी.

आम्ही ठाण्यात परततो न परततो तोच मालक हजर. सोबत त्याचा ड्रायव्हर. तिशीचा, सडसडीत, कपाळाला कुंकू, डोक्याला कडक इस्त्रीची नवी पांढरी टोपी. मी खुर्चीत टेकायच्या आत तो म्हणाला, "साहेब, गाडी मीच चालवत होतो. चूक माजीच हाय. घ्या लिहून."

मी हवालदाराकडे पाहिलं, हवालदारानं माझ्याकडे. तीस वर्षांत मी शेकडो अपघातांचे जबाब घेतले. ड्रायव्हर आधी ब्रेक फेल करतो, मग रस्त्यात बैल आणतो, बैल नसेल तर खड्डा, आणि काहीच नसेल तर समोरच्या गाडीची लाईट भर दुपारीसुद्धा त्याच्या डोळ्यांवर येते. पहिल्या मिनिटात स्वतःची चूक कबूल करणारा ड्रायव्हर मी पाहिला नव्हता. त्याच्या तोंडाला दारूचा वासही नव्हता. लायसन्सही चोख होतं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे बाईचा दबलेला आवाज. मागे सनई आणि लहान पोरांचा कालवा. "साहेब, सही घेयाच्या आधी नीट इचारा. गाडीवर तो नव्हता." आणि फोन बंद.

मी मालकाला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि ड्रायव्हरला चहा दिला. हवालदार कपाटातून एक फाईल घेऊन आला आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. चारित्र्य पडताळणीचा अर्ज होता, याच ड्रायव्हरचा. शहापूरच्या एका शाळेच्या बसवर त्याला नोकरी लागत होती. आमचा शिक्का झाला की तो सोमवारपासून रुजू होणार होता. आज त्याच्या नावावर गुन्हा दाखल झाला की शाळा काय, कुणीच त्याच्या हाती पोरांची बस देणार नव्हतं. आणि हा गडी पेन मागत होता.

"किती वाजता ठोकलीस?" मी विचारलं.

"पावणेएकला असंल, साहेब."

"आणि कुठं निघाला होतास?"

"बरफ आनाया गेल्तो. परत येत व्हतो. वऱ्हाडाला थंड पानी कमी पडला."

सगळं तोंडपाठ होतं. मला पकडायला जागाच सापडेना. हवालदार मात्र केव्हापासून त्याच्या डोक्याकडे बघत होता. शेवटी तो म्हणाला, "टोपी बरी हाय रे. कुनी घातली?"

ड्रायव्हरचा हात आपसूक टोपीकडे गेला.

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं काय रीत हाय मला ठाव नाय. आमच्याकडं नवरदेवाची गाडी आननाऱ्या ड्रायव्हरचा मान असतो. टोपी, टॉवेल, नारल. अख्ख्या मांडवासमोर माईकवर नाव पुकारतात. आनि तो मान लग्न लागल्याबिगर देत नाय. पत्रिका माज्या खिशात हाय, मुहूर्त साडेबाराचा. म्हंजे त्यानंतर हा मांडवात व्हता, गाडीवर नाय."

मला हसू आवरेना. मालकानं वकिलाच्या थाटात सगळं जुळवलं होतं, वेळ, रस्ता, बर्फ. फक्त आपणच आपल्या ड्रायव्हरला पाचशे माणसांसमोर टोपी घातली, हे तो विसरला होता. मान देणं त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की ते कुणी पुरावा म्हणून बघेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

लग्नाच्या व्हिडिओवाल्याला बोलावलं. कॅमेऱ्यात सगळं होतं. माईकवरचा माणूस ड्रायव्हरचं नाव घेऊन म्हणत होता, "नवरदेवाला सुखरूप आनल्याबद्दल त्यांचा सन्मान!" मालक स्वतः टोपी घालत होता, ड्रायव्हर लाजत होता. कॅमेऱ्यावरची वेळ होती बारा वाजून चव्वेचाळीस मिनिटं.

मी ड्रायव्हरपुढे अर्ज ठेवला. "सोमवारी शाळेत जायचंय ना? मग हे कशासाठी करतोस?"

त्यानं अर्ज माझ्याकडे परत सरकवला. मग खाली मान घालून म्हणाला, "साहेब, स्टेरिंग कसा धरायचा ता मला त्या मानसानं शिकवला. त्याला नाय कसा म्हनू?"

मला त्याचा राग आला आणि कीवही. "तू सही केली नाहीस, म्हणून अजून वाचला आहेस," मी म्हणालो. "पोलिसांना खोटी माहिती देणं हाही गुन्हा आहे. आता खरं सांग." त्यानं सांगितलं. गाडीवर मालकाचा मुलगा होता, वय साडेसोळा. मांडवामागे एका थोरल्या चुलतभावानं त्याच्या हातात बाटली दिली होती, आणि बर्फ आणायला किल्ली दिली होती खुद्द बापानं.

आता घाई होती. वेळ गेला की रक्तातली दारू उतरते. जीप काढायला सांगणार, एवढ्यात एक बाई मुलाचा दंड धरून ठाण्याच्या पायऱ्या चढली. नऊवारी साडी, अंगावर लग्नाची हळद. ती त्याची आई. "हा बगा आनला. मगाशी फोन बी मीच केला व्हता," ती नवऱ्यासमोर खणखणीत आवाजात म्हणाली. "दुसऱ्याच्या बायकापोरांच्या तोंडचा घास काडून माजा पोरगा नाय वाचवायचा मला." ड्रायव्हर तोंड फिरवून रडला. माझेही डोळे भरून आले, हे कबूल करायला आता हरकत नाही.

मुलाला कोठडीत टाकत नाहीत, गणवेशात विचारपूसही करत नाहीत. साध्या कपड्यांतला अधिकारी, शेजारी आई, असं बसवून विचारलं. त्यानं सगळं सांगून टाकलं. ग्रामीण रुग्णालयात वेळेत रक्ताचा नमुना घेतला गेला.

बाप मात्र वाद घालत होता. "साहेब, पोरगा ल्हान हाय. त्याला काय कलतंय?"

"लहान आहे म्हणूनच तुम्हाला विचारतोय," मी म्हणालो.

त्याला कायदा समजावून सांगितला. अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालक आणि गाडीचा मालक गुन्हेगार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मुलाच्या हाती दारू देणाऱ्यावर वेगळा गुन्हा, म्हणजे थोरला चुलतभाऊही आलाच. कैदेचं त्यानं मुकाट ऐकून घेतलं. पंचविशीचं ऐकल्यावर मात्र त्यानं तोंड उघडलं. "म्हंजे लगीन झाल्यावर बी?"

"सुनेला शिकवा," हवालदार म्हणाला.

खटला रीतसर चालला. बापाला दंड झाला आणि न्यायालय उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. गावात ताठ मानेनं फिरणारा माणूस दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसला. मुलाला बाल न्याय मंडळानं समुपदेशनाला पाठवलं आणि काही आठवडे रुग्णालयात सेवा करायला लावली. त्याच रुग्णालयात त्या मावशीचा पाय जुळत होता. मुलगा रोज तिला पाणी आणून द्यायचा आणि ती त्याच्याकडून शेंगा सोलून घ्यायची.

ड्रायव्हरच्या अर्जावर मी त्याच संध्याकाळी सही केली.

कबुली मिळाली की तपास संपला, असं नव्या अंमलदारांना वाटतं. त्या दिवसापासून मी त्यांना सांगत आलो, की फार सहज आलेली कबुली दोनदा तपासा. ती देणारा बरेचदा कुणाच्या तरी भिडेखातर उभा असतो. दुष्ट माणसांनी लोकांना जितकं अडकवलं, तितकंच भिडेनं अडकवलेलं मी पाहिलं आहे.

परवा शहापूरच्या बाजारात एक स्कूटर माझ्याशेजारी थांबली. पुढे नवी नवरी, हिरव्या बांगड्या, डोक्यावर हेल्मेट. मागे बसलेला तरुण उतरून पाया पडला तेव्हा ओळख पटली, व्यापाऱ्याचा तोच मुलगा. "ह्यांच्या लायसन्सला अजून दोन वर्स हायत," नवरी हसत म्हणाली.

"पण शिकून ठेवलंस की नाही?" मी विचारलं.

"कुठं साहेब! गेल्तो ना काकांकडं." काका म्हणजे तोच ड्रायव्हर, अजून शाळेची बस चालवतो. "म्हनलं, शेतात तरी शिकवा, कोन बगतंय. आब्बा बी संगं व्हते, त्यांनी पन गल घातली." आब्बा म्हणजे त्याचा बाप.

"मग?"

"काका आब्बांच्या तोंडावर म्हनले, नाय."