नायिकेचं पद

जळगाव जामोदला आमच्या शेजारी सरकीचे एक व्यापारी राहत. एका गाजलेल्या संगीत नाटकाच्या तबकड्या त्यांच्याकडे होत्या. अमरावतीला ज्या नटांचा खेळ त्यांनी पाहिला होता, त्यांच्याच आवाजातल्या. रविवारी दुपारी ओसरीवर ग्रामोफोन लागे. पुरुष बाहेर बसत आणि आम्ही बायका आत, त्यांच्या बायकोजवळ. प्रत्येक पदाआधी ते धोतराच्या सोग्याने कर्णा पुसत आणि दरडावत, "आता सारे चूप बसा बे!"

नायिकेचं काम तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे पुरुषानेच केलेलं. नवऱ्याने टाकलेल्या त्या नायिकेचं पद लागलं की त्यांना रडू आवरत नसे. "काय भोगलं हो त्या बाईनं!" असं ते सगळ्यांना सांगत.

एकदा त्या पदाला त्यांची बायको तांदूळ निवडता निवडता साथ करू लागली. गळा इतका गोड, की ओसरीवरून कुणीतरी "वाहवा!" म्हणालं.

त्यांनी सुई उचलली आणि ते आत आले. "घरंदाज बाई चार माणसाईत गाते काय? मले तोंड दाखवाले जागा ठेव." एवढं बोलून त्यांनी आम्हा सगळ्या बायकांवर बाहेरून कडी लावली. पद पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दाराच्या फटीतून मला दिसत होतं, ते नेहमीसारखेच डोळे पुसत होते.

मी तिच्याकडे वळले. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं.

"त्या बाईसाठी त्याहिले लय रडू येते," ती म्हणाली.