गुंडाळलेल्या मितीची माणसं

आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटचे किस्से एकावर एक इतके साचलेत, की ठेवायला चार मिती पुरणार नाहीत. तसे आम्ही तिघंच: प्रधान सर, त्यांच्याकडे पीएचडी करणारी निशा आणि मी. जगाला लांबी, रुंदी, उंची आणि काळ यांपलीकडे आणखी मिती असतील तर त्या कशा, हे कागदावर शोधायचं. तेही नवी मुंबईत, एसी बंद असताना!

*

निशा इथल्याच करावे गावची. तिचे काका आता बिल्डर आहेत. एका हळदीत त्यांनी मला गाठलं. पाचवी मिती इतकी बारीक गुंडाळलेली असते की दिसत नाही, हे मी जीव तोडून समजावलं.

काकांनी शांतपणे विचारलं, "कार्पेट एरियात धरता का तिला?"

*

आमच्यात उत्तर पाच-दहापट चुकलं तरी चालतं. सेमिनारला किती माणसं, असं कँटीनवाल्याने विचारलं. सर म्हणाले, तीस. आलो आम्ही सात. उरलेल्या समोशांकडे बघत सर समाधानाने म्हणाले, "अंदाज बरोबर निघाला."

*

निशाची आई मासे विकते. यंदा थिसिस झाला नाही तर शिक्षण बंद, असं घरात ठरलं होतं. आईने सरांना फोन करून विचारलं, कधी होईल? सर म्हणाले, विश्वाच्या वयाच्या मानाने फार वेळ नाही.

"सर, माज्या पोरीच्या वयाच्या मानानं सांगा."

*

थिसिस द्यायच्या तोंडावर निशाचं गणित कोसळलं. आमच्यात काही जण समीकरणात काळाला वजा चिन्ह देतात, काही अधिक. दोन्ही बरोबर, फक्त मिसळायचं नाही. सर कट्टर वजावाले. त्यावरून एका जुन्या मित्राशी त्यांनी बोलणं टाकलंय. निशा अधिकवाली. सरांचं एक जुनं समीकरण तिने जसंच्या तसं घेतलं आणि पुढचं सगळं चुकलं. ती यायचीच थांबली. मला फार वाईट वाटलं.

सर मला घेऊन करावेला गेले. निशा मान खाली घालून बसली होती. सरांनी आईला सगळं सांगितलं: थिसिस अजून वेळेत होईल, पण दोघांपैकी एकाला आपली रीत सोडून आपलं गणित पुन्हा लिहावं लागेल.

आईने चहा पुढे केला. "मंग सोडनार कोन?"

सरांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"मी," ते म्हणाले. "फक्त निशाने मला शिकवायला हवं."