डॉक्टरबाईंची हिरवी गाडी

गेबहार्ड वुर्स्टरच्या गोठ्यात गेली बावीस वर्षं गाई नाहीत, गाड्या झोपतात. साध्यासुध्या नव्हेत, ज्यांच्याकडे लोक वळून वळून बघतात त्या. आमच्या आल्बच्या पठारावर हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मीठ लागलं की पत्र्याची वाट लागलीच समजा. म्हणून शौकीन मंडळी आपल्या गाडीच्या नंबराच्या पाटीवर महिनेच छापून घेतात. चार ते दहा, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. बाकीचे पाच महिने गाडी रस्त्यावर दिसली तर विमा नाही, वर दंड. मग त्या पाच महिन्यांत ह्या लाडक्या लेकी ठेवायच्या कुठे? तर गेबहार्डकडे.

गेबहार्ड अडुसष्ट वर्षांचा. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, माणसांशी मोजून चार शब्द बोलला. गाड्यांशी मात्र तासन्‌तास बोलेल! नोव्हेंबरात टायरमध्ये हवा जास्त भरायची, म्हणजे उभ्या उभ्या ते चपटे होत नाहीत. हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाखाली लाकडी पाचर द्यायची. बॅटरीला बारीकसा चार्जर लावून ठेवायचा. आणि वरून मऊ सुती चादर.

"चाळीस वर्षांत माझ्या अंगावर कधी पांघरूण घातलं नाहीस," त्याची बायको रोझविता म्हणायची, "आणि ह्यांचे लाड बघा!"

"तू घोरतेस," गेबहार्ड म्हणायचा. "ह्या घोरत नाहीत."

मार्च लागला की तो दूध काढायच्या जुन्या स्टुलावर नुसता बसून राही. खिडकीतून पिवळट ऊन यायचं, अकरा पांढऱ्या चादरी त्या उन्हात तरंगल्यासारख्या दिसायच्या, चार्जरचे हिरवे दिवे लुकलुकायचे. त्याला वाटायचं, चादरींखाली स्वप्नं चालली असणार. कुणी समुद्रकाठच्या रस्त्याचं बघत असेल, कुणी इटलीकडच्या घाटाचं. तो स्वतः मात्र एप्रिल लागल्यावर त्यांना घेऊन गावाबाहेरच्या देवळापर्यंत जायचा आणि परत. आठ किलोमीटर. ब्रेकवरचा गंज खरवडून निघावा म्हणून, बस्स.

त्यातली हिरवी दोन आसनी गाडी डॉक्टर झायफ्रीडबाईंची. बाई दातांच्या डॉक्टर, आता एकोणऐंशीच्या. तरुणपणी स्वतःच्या कमाईवर त्यांनी ती गाडी घेतली, तेव्हा अख्खं हाल्डिंगन गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं होतं. दर एक एप्रिलला त्या यायच्या, गाडीभोवती एक चक्कर मारायच्या आणि एक खोट काढायच्या. एका वर्षी आरशावर बोटाचा ठसा, एका वर्षी चाकाची टोपी वाकडी. मग "बरं" म्हणून चावी घ्यायच्या. आमच्याकडे कौतुक करायची रीत नाही. ताट रिकामं झालं की स्वयंपाक चांगला झाला, आणि कुणी ओरडलं नाही की काम फक्कड झालं. बावीस वर्षांत फक्त दोनदा बाईंना काही सापडलं नव्हतं. त्या दोन्ही वर्षी गेबहार्ड आठवडाभर शीळ घालत फिरत होता.

यंदा फेब्रुवारीत बाईंच्या मुलाचा, फोल्करचा, फोन आला.

"वुर्स्टर, आईची नजर गेलीय असं मला वाटतं. ती म्हणते, ठणठणीत आहे. शेवटी आमचं एका गोष्टीवर जमलंय. तुम्ही एक एप्रिलला तिला बघा. तुम्ही हो म्हणालात तर मी तोंड उघडणार नाही. नाही म्हणालात तर ईस्टरनंतर गाडी विकायची. तिला कबूल आहे."

"मीच का?" गेबहार्डनं विचारलं.

"ती म्हणाली, वुर्स्टरला बोलायला लावून दाखव."

त्या दिवसापासून गेबहार्डच्या जिवाला घोर लागला. बाईंकडून ती गाडी काढून घ्यायची म्हणजे त्यांचं अर्धं आयुष्यच काढून घ्यायचं, आणि तेही आपल्या एका शब्दानं! पण दिसत नसताना त्या रस्त्यावर गेल्या तर? रोझवितानं मसुराची आमटी आणि शेवया पुढ्यात ठेवल्या तरी तो चमचा हातात धरून बसायचा.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरानं घर केलं नाही ना ते पाहिलं. तेल बदललं, टायरची हवा उतरवली. ठिणगी न देता इंजिन नुसतंच चार-सहा वेळा फिरवलं, झोपलेलं तेल सगळीकडे पोचावं म्हणून. मग चावी फिरवली. एक खोकला, दुसरा खोकला, आणि गोठाभर ती गंभीर घुमघुम. दर वर्षी त्याचे डोळे भरून यायचे, यंदाही आले.

एकतीस मार्चला लख्ख ऊन पडलं. दहा वाजता बाईंचा फोन.

"वुर्स्टर, काय सुंदर ऊन आहे! आजच आले तर?"

"आज एकतीस तारीख."

"मग?"

"पाटीवर चार आहे, डॉक्टरबाई."

"लाकूड आहात तुम्ही, लाकूड!" बाईंनी फोन आपटला.

आणि एक तारीख उजाडली ती असं धुकं घेऊन, की गोठ्याच्या दारातून अंगणातलं सफरचंदाचं झाड दिसेना. नऊ वाजता त्या धुक्यातून टॅक्सी आली. एरवी बाई बसनं यायच्या, थांब्यापासून चालत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. डोक्याला रुमाल, हातात तपकिरी कातडी हातमोजे, पाठ ताठ.

गेबहार्डनं चादर ओढली. मागच्या डाव्या चाकाच्या वर वाळलेल्या मेणाचा पांढराफटक डाग, चांगला तळहाताएवढा. काल रोझवितानं जेवायला हाक मारली आणि तेवढं पुसायचं राहून गेलं. आता पुसायला वेळ नव्हता. बाईंची चक्कर सुरू झाली होती.

मोजे घातलेला हात गाडीवर ठेवून त्या सावकाश चालत होत्या. दिवा, आरसा, दार. डागापाशी आल्या, थांबल्या, वाकल्या.

"अप्रतिम!" बाई म्हणाल्या. "नाव ठेवायला जागा नाही, वुर्स्टर. एवढी सुंदर ती कधीच दिसली नव्हती."

बावीस वर्षांतलं पहिलं कौतुक, आणि ते ऐकून गेबहार्डला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्याला सगळं कळलं.

"द्या चावी."

चावी त्याच्या मुठीत होती. मूठ उघडेना.

"डॉक्टरबाई, तिथे डाग आहे. पांढरा, एवढा मोठा."

"मग पुसा की!"

"तुम्ही त्याच्याकडेच बघत होतात."

बाईंचा हात गाडीवरून खाली आला. मग बाई भडकल्या. "बावीस वर्षं मिठाची गुळणी धरून बसलात, आणि आज तोंड उघडलंत ते ह्यासाठी? लाज नाही वाटत?"

"वाटते," गेबहार्ड म्हणाला.

बाई चाचपडत स्टुलावर बसल्या. "जानेवारीपासून मधलं सगळं गेलंय. फक्त कडेकडेचं दिसतं. तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसं त्यात फार नुकसान नाही म्हणा." मग जरा थांबून, "फोल्करला काय सांगणार?"

"आहे ते."

बाईंनी मान हलवली. पर्समधून फोन काढला, अंदाजानं एक बटण दाबलं. "फोल्कर? वुर्स्टर नाही म्हणतोय. ईस्टरनंतर विकून टाक तू. अरे नाही, रडत नाहीये. सर्दी झालीय. ठेव आता." फोन पर्समध्ये टाकून त्या उठल्या. "छप्पर काढा. तुम्ही चालवा. आज तरी तुमच्या पाटीची परवानगी आहे ना?"

छप्पर उघडं टाकून, बाईंच्या मांडीवर घोंगडी घालून, गेबहार्ड त्या गाडीतून पहिल्यांदा देवळाच्या पुढे निघाला. निघाला म्हणजे काय, रांगत होता. दिव्यांपुढे नुसता कापूस. रस्त्याची कड दिसेना.

"काय गोगलगाय चालवताय!" बाई म्हणाल्या.

"काहीच दिसत नाही."

"असं होय!" बाई खदखदून हसल्या. "मग माझं ऐका. पंचेचाळीस वर्षं हा रस्ता माझा आहे. आत्ता आवाज बदलला, ऐकलात? उजवीकडे भिंत आली. ती संपली की डावं वळण. हळूहळू घ्या. आता चढ, दुसरा गिअर. तिला दम लागू देऊ नका."

आणि खरोखर वळण आलं, चढ आला. गेबहार्ड त्या आवाजाच्या मागे मागे जात राहिला. इंजिन पाठीशी गुणगुणत होतं, गालांवर पाण्याचे बारीक थेंब बसत होते. कुठे जमीन आणि कुठे आभाळ, काही पत्ता नाही. कुठेतरी मेंढ्यांच्या घंटा वाजल्या, त्या खालून की वरून हेसुद्धा कळेना. गाडी बाईच चालवत होत्या, त्याचे नुसते हातपाय होते. इतकं सुख त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि हे एकदाच, हेही त्याला ठाऊक होतं.

शेवटच्या चढावर धुकं विरलं. एकाएकी सगळं समोर उघडं पडलं. पांढऱ्या फुलांनी लगडलेली काटेरी कुंपणं, हिरवा उतार, चरणाऱ्या मेंढ्या, पार क्षितिजापर्यंत धुऊन काढलेला रस्ता. बाईंनी रुमाल मागे सारला. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर भरभरून पडलं होतं.

"वुर्स्टर," त्यांनी विचारलं, "धुकं गेलं का?"

गेबहार्डनं त्या लांबलचक रस्त्याकडे पाहिलं.

"नाही, डॉक्टरबाई. चांगलंच दाट आहे अजून."

बाईंचं तोंड त्या उबदार उन्हाकडेच होतं.

"मग लक्ष द्या," त्या म्हणाल्या. "पुढे उजवं वळण येतंय. तिसरा गिअर टाका."