एक लाल ओळ

आखातातल्या आमच्या बांधकामाच्या साइट ऑफिसातला हा रत्नागिरीकडचा क्लार्क रोज सकाळी दोन फाइली स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडतो. एक गेटवरच्या हजेरीची, दुसरी मी हेड ऑफिससाठी तयार केलेली. जिथे जुळत नाही ती ओळ आपोआप लाल होते, तरी हा प्रत्येक ओळीवरून बोट फिरवणार आणि शेवटी म्हणणार, "खलास भाऊ, फरक नाही." नजमा वस्तीतल्या त्याच्या भाड्याच्या खोलीचे नियम बदलले, तेव्हा जुने-नवे कागदही त्याने असेच ताडून पाहिले होते.

जुलैत एक गवंडी उन्हाने कोसळला आणि गेला. दुसऱ्या दिवशी एकच ओळ लाल होती, त्याची. गेटच्या फाइलीत तो दुपारी दोनला बाहेर पडलेला, म्हणजे कायद्याने उन्हात काम बंद ठेवायच्या वेळेत, दहा ते साडेतीन, आतच. माझ्या फाइलीत सकाळी साडेनऊला.

"भाऊ, हे तुम्ही केलंत?"

"वरून सांगितलंय."

त्याने चष्मा पुसला. गेटच्या फाइलीतही साडेनऊ टाकले आणि दोन्ही पुन्हा ताडल्या. लाल काही उरलं नाही.

"खलास साहेब, फरक नाही."

त्यानंतर त्याने मला कधी भाऊ म्हटलं नाही.